ड्राय आइसची पेटी प्रवासी विमानातून: पुणे ते दिल्ली

डेंग्यूच्या संशयित रुग्णांच्या सीरमचे ९६ नमुने होते, प्रत्येकी दीड मिलीलिटर. ते आमच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढून दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत गोठलेलेच पोहोचवायचे होते. या कामाला १२ दिवस लागले आणि त्यातला विमानाचा वेळ जेमतेम दोन तास. बाकी सगळा वेळ कागद, पेटी आणि काउंटर यांत गेला. लहान प्रयोगशाळांना हे काम कधीतरी करावंच लागतं आणि त्या वेळी नेमकं विचारायला कोणी सापडत नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

पहिल्या दिवशी नेहमीच्या कुरियरवाल्याला फोन केला. ‘रक्ताचे नमुने’ हे शब्द ऐकूनही तो शांत होता, पण ‘ड्राय आइस’ म्हटल्यावर त्याने नकार दिला. तेव्हा ते विचित्र वाटलं. पुढच्या बारा दिवसांत कळलं की विमानाच्या दृष्टीने त्याचंच बरोबर होतं. नीट बांधलेल्या नळ्या सहसा कुणाला त्रास देत नाहीत. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणि हा बर्फ मात्र सतत वायू सोडत असतो. १ किलो ड्राय आइसमधून साधारण ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो हवेपेक्षा जड असतो.

‘मग कोणीतरी सामानातून घेऊन जा की’ हा सल्ला आम्हालाही मिळाला. प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीने अडीच किलोपर्यंत ड्राय आइस नेता येतो, पण तो नाशिवंत वस्तूंसाठी. संसर्गजन्य नमुने हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात किंवा अंगावर नेण्याला बंदी आहे. त्यामुळे माल म्हणून रीतसर बुकिंग करणं हा एकच मार्ग उरतो. माल म्हणून गेला तरी तो बहुतेक वेळा प्रवाशांच्या पायाखालच्या पोटातूनच जातो, कार्गोच्या भाषेत ‘बेली’तून.

दुसरा आणि तिसरा दिवस वर्गीकरणात गेला. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावरच ठरतं. धोकादायक मालाचे ९ वर्ग आहेत. संसर्गजन्य पदार्थ ६.२ मध्ये येतात आणि त्यांचे दोन गट पडतात. श्रेणी ‘ए’, म्हणजे माणसांना बाधणाऱ्यांसाठी यूएन २८१४ (यूएन म्हणजे धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक), हा खरा कडक गट. प्रवासी विमानात त्याला एका पेटीत फक्त ५० मिलीलिटर किंवा ५० ग्रॅमची मुभा आहे आणि घोषणापत्रासह सगळे सोपस्कार लागतात. श्रेणी ‘बी’ म्हणजे यूएन ३३७३. आमच्या डॉक्टरांचा आग्रह होता की डेंग्यू आहे तर ‘ए’च धरा. पण डेंग्यूचा विषाणू ‘ए’च्या यादीत आहे तो फक्त कल्चर केलेल्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रूपात. रुग्णाच्या रक्तातून थेट घेतलेलं सीरम ‘बी’मध्ये जातं. अशा नोंदी यादीत आणखी आहेत, म्हणून जंतूच्या नावापुढे ‘फक्त कल्चर’ लिहिलंय का ते आधी पाहा.

पेटीत दुसरा धोकादायक माल होता तो ड्राय आइस : यूएन १८४५, वर्ग ९, पॅकिंग सूचना ९५४. ३३७३ साठी पॅकिंग सूचना ६५०. या दोन्ही सूचना आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या डीजी, म्हणजे धोकादायक मालाच्या, नियमपुस्तकात मिळतात. ते पुस्तक दर १ जानेवारीला नव्या आवृत्तीने बदलतं. कार्गो बुक करून देणाऱ्या एजंटच्या टेबलावर जुनी आवृत्ती असेल तर तिच्या भरवशावर पेटी बांधू नका. आपल्याकडे या सगळ्यामागे धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे सरकारी नियम आहेत, आणि देखरेख डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची.

चौथा दिवस एका नको असलेल्या कागदावर वाया गेला. लाल तिरप्या पट्ट्यांच्या किनारीचं ‘शिपर्स डिक्लरेशन’, म्हणजे पाठवणाऱ्याचं घोषणापत्र, भरत बसलो. ड्राय आइस फक्त थंडाव्यासाठी असेल आणि आतला माल यूएन ३३७३ असेल तर ते लागतच नाही. ज्या मालाला स्वतःलाच घोषणापत्र लागतं तो थंड ठेवायला ड्राय आइस वापरला, तरच बर्फही त्यावर चढतो. आपल्या बाबतीत जी माहिती द्यायची ती एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर.

लेटरहेडवरचं पत्र मात्र लागतं. आत काय आहे, किती आहे, कशासाठी पाठवतोय, श्रेणी कोणती आणि जबाबदार व्यक्तीचा चालू फोन नंबर, एवढं त्यात हवं. एजंटने पाठवलेल्या नमुना-पत्रात ‘माल नॉन-हझार्डस आहे’ अशी ओळ होती. ती काढली. पेटीवर वर्ग ९ चं लेबल आणि पत्रात ‘धोका नाही’, हा विरोध काउंटरवर पकडला जातोच. न पकडला गेला तर जास्त वाईट. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत व्हॅल्युजेटचं डीसी-९ विमान कोसळून ११० जण गेले. त्याच्या पोटात ऑक्सिजन जनरेटर होते आणि कागदावर ‘रिकामे’ असं लिहिलेलं होतं.

पाचव्या ते आठव्या दिवसापर्यंत पेटी जमवत होतो. सूचना ६५० ला तीन आवरणं लागतात. सगळ्यात आत न गळणारी नळी, तिच्याभोवती न गळणारं दुसरं आवरण आणि बाहेर कडक खोका. पातळ माल असेल तर एका नळीत १ लिटरपेक्षा जास्त नको आणि पूर्ण पेटीत ४ लिटरपेक्षा जास्त नको. यात बर्फ धरत नाहीत. नळ्या आणि दुसरं आवरण यांच्यामध्ये सगळा द्रव शोषून घेईल एवढा शोषक कागद हवा. पहिल्या किंवा दुसऱ्या आवरणापैकी एकाने ९५ किलोपास्कलचा दाबफरक न गळता सहन करायला हवा. विमानाच्या पोटातला दाब अचानक गेला तर आतली हवा झाकणं बाहेर ढकलते, त्यासाठी ही अट आहे. आपल्या फ्रीझरमधले ८१ खणांचे पुठ्ठ्याचे क्रायोबॉक्स दुसरं आवरण म्हणून चालत नाहीत, ते गळतात. आम्ही ४८-४८ नळ्यांचे दोन बॉक्स केले, प्रत्येकाला शोषक कागद गुंडाळला आणि ‘९५ केपीए’ छापलेल्या पिशव्यांत बंद केले. नळ्यांच्या यादीची प्रत दुसऱ्या आवरणाच्या बाहेर पण खोक्याच्या आत ठेवायची. आम्ही ती आधी पिशवीतच टाकली होती.

ड्राय आइस नेहमी दुसऱ्या आवरणाच्या बाहेर. बंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात तो ठेवला तर पिशवी किंवा डबा फुटतो, यात शंका ठेवू नका. आणखी एक अट सहज सुटते : बर्फ उडून गेल्यावरही आतले बॉक्स जागचे हलता कामा नयेत. बर्फावर नुसते टेकवून ठेवले तर दिल्लीत ते खोक्यात खुळखुळत पोहोचतात. आम्ही थर्माकोलच्या पट्ट्या कापून मधोमध चौकट केली, बॉक्स तिच्यात बसवले आणि चहूबाजूंनी बर्फ भरला.

बर्फ किती? जाड भिंतीच्या पेटीतून दिवसाला साधारण अडीच ते साडेचार किलो उडतो, असा अंदाज धरतात. प्रवास एका दिवसाचा असला तरी तीन दिवसांचा हिशेब करा. त्यामागचं कारण पुढे येईलच. आम्ही १० किलो घेतला, गोळ्यांच्या रूपात. गोळ्या फटींत नीट बसतात. लाद्या जास्त टिकतात, पण कोपरे रिकामे राहतात आणि रिकामी जागा बर्फ खाते. नियमाने एका पेटीत २०० किलोपर्यंत मुभा आहे. मात्र विमानात एकूण किती बर्फ न्यायचा हे कंपनी विमानाच्या प्रकारानुसार ठरवते. छोट्या टर्बोप्रॉपच्या (पंख्याच्या विमानाच्या) मार्गावर तुमच्या १० किलोलाही नकार येऊ शकतो.

तापमान नोंदणारा लॉगर आत ठेवायचा होता आणि तिथे तिसरा धोकादायक माल निघाला : त्यातली लिथियमची बटण-बॅटरी. उपकरणात बसवलेल्या बटण सेलला वेगळी खूण लागत नाही. पण लॉगर प्रवासभर चालू राहतो, म्हणून त्याचं मॉडेल कंपनीला आधी कळवावं लागतं. त्यासाठी दोन दिवस वाट पाहिली. साधे लॉगर उणे ३०-४० खाली बंद पडतात. बाहेरून तार जोडलेला प्रोब असलेला घ्या आणि यंत्राचा भाग भिंतीजवळ ठेवा.

आता खुणा. ३३७३ साठी टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाची खूण, बाजू किमान ५० मिलिमीटर. शेजारी ‘बायोलॉजिकल सबस्टन्स, कॅटेगरी बी’ ही अक्षरं किमान ६ मिलिमीटर उंचीची. बर्फासाठी वर्ग ९ चं १०० मिलिमीटरचं लेबल आणि जवळ ‘यूएन १८४५, ड्राय आइस’ व निव्वळ वजन किलोत. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता. दुकानदाराने आम्हाला वर्ग ९ चं म्हणून खालच्या अर्ध्यात बॅटरीचं चित्र असलेलं लेबल दिलं होतं. ते लिथियमचं. बर्फाच्या लेबलावर वरच्या अर्ध्यात सात काळ्या उभ्या पट्ट्या असतात आणि खाली फक्त ९. लेबल कोपऱ्यावरून दुमडून दोन बाजूंवर गेलं तर चालत नाही. ३३७३ च्या पेटीची एक बाजू किमान १०० बाय १०० मिलिमीटर हवी, हेही याच्याशी जोडलेलं.

पेटी निवडताना भाड्याचाही विचार करा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६००० ने भागलं की आकारमानाचं वजन येतं. ते आणि काट्यावरचं वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे. ४० सेंटीमीटरच्या चौकोनी पेटीचं ते पावणेअकराच्या आत आलं आणि काट्यावर पेटी १४ किलो भरली, म्हणजे १४ चे पैसे. ४५ ची घेतली असती तर भरायला साडेपंधरा आणि हवा जास्त. खर्चात सगळ्यात स्वस्त बर्फ, किलोला शंभराच्या आसपास. त्याहून महाग प्रमाणित पेटी. पण डोळ्यांत भरले ते भाड्याला चिकटलेले इतर खर्च : धोकादायक मालाची तपासणी, स्क्रीनिंग, टर्मिनल, एजंटची हाताळणी. कोटेशन मागताना ‘सगळं धरून’ हे शब्द लेखी मागा. तोंडी सांगितलेल्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट बिल आलं.

बुकिंग मंगळवारचं घेतलं. शुक्रवारी कधीच पाठवू नका. शनिवार-रविवार पेटी गोदामात पडली तर बर्फाचा हिशेब कोसळतो. शिवाय दिवाळीआधीचा आठवडा होता, बेलीत जागेची मारामारी.

मंगळवारी सकाळी दहाला पेटी भरली. खिडक्या उघड्या ठेवल्या, जाड सैल हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातला. रिकामी पेटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि गोळ्या ओतून १० किलो मोजले. मग गाडी. इथे थोडा हिशेब करून पाहा. चांगल्या पेटीतूनही तासाला सव्वाशे ग्रॅम बर्फ उडतो, म्हणजे सुमारे ६७ लिटर वायू. गाडीच्या आत हवा धरा ३००० लिटर. काचा बंद आणि एसी आतल्याच हवेवर असेल तर तासाभरात कार्बन डायऑक्साइड दोन टक्क्यांच्या वर जातो. कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा अर्धा टक्का धरतात. लोहगाव विमानतळाच्या वाटेवर काचा खाली ठेवल्या. धूळ खाल्ली, पण डोकं दुखलं नाही.

दोन वाजता काउंटर. तपासणीसाची छापील प्रश्नावली असते आणि एका प्रश्नाला जरी ‘नाही’ आलं तरी पेटी परत. आम्हाला दोन ‘नाही’ आले. पहिला टेपचा. आमच्या शिपाईकाकांनी मायेने खोक्याच्या सगळ्या कडा चौफेर टेपने बंद केल्या होत्या. तपासणीसाने बोट फिरवून विचारलं, “मॅडम, गॅस जाणार कुठून?” आतल्या थर्माकोलच्या झाकणालाही टेप होती. दोन्ही ठिकाणची कडेची टेप कापून मधली पट्टी तेवढी ठेवली. दुसरा ‘नाही’ वजनाचा. पेटीवर १० किलो आणि एअरवे बिलावर ९. एजंटच्या ऑफिसात कोणीतरी जुनं बिल समोर ठेवून टाइप केलं होतं. मालाच्या वर्णनाच्या रकान्यात ‘यूएन १८४५ ड्राय आइस १ × १० केजी’ आणि ‘यूएन ३३७३ बायोलॉजिकल सबस्टन्स, कॅटेगरी बी’ हे दोन्ही, शब्द न गाळता, असायला हवं. दुरुस्ती होऊन माल स्वीकारायला साडेचार वाजले. बिलाचा मसुदा आदल्या दिवशी फोटो काढून मागवला असता तर हे अडीच तास वाचले असते.

मग स्क्रीनिंग. एक्स-रेमध्ये नळ्यांचे दोन ठोकळे आणि भोवती धूसर काहीतरी दिसतं, त्यामुळे प्रश्न येतात. तिथे पत्र आणि नळ्यांची यादी हातात लागते. पेटी आधी त्यांच्यासमोर उघडायची तयारी ठेवा. स्क्रीनिंगनंतर मात्र ती उघडली की सुरक्षेचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी सातला निरोप आला की पेटी ऑफलोड केली आहे, म्हणजे त्या विमानातून वगळली आहे. रात्रीच्या त्या विमानात एक कुत्रा बुक झाला होता. जिवंत प्राणी, कार्गोच्या सांकेतिक भाषेत एव्हीआय, आणि ड्राय आइस, म्हणजे आयसीई, शेजारी ठेवत नाहीत. जड वायू खाली साचतो आणि पिंजऱ्यातल्या प्राण्याचं नाक खालीच असतं. उबवायच्या अंड्यांनाही हाच नियम. अरुंद विमानात प्राण्यांना योग्य असा कप्पा बहुधा एकच, आणि त्या दिवशी आमची पेटीही त्याच भागात ठरलेली. एकाला उतरावं लागणार होतं आणि कुत्र्याचा हक्क मोठा, याबद्दल आमचीही तक्रार नाही. तरी रात्रभर झोप लागली नाही. पेटी उघडून बर्फ घालावा का, हा विचार आला. पण मग पुन्हा स्क्रीनिंग, पेटीवर नवं वजन, बिलावर दुरुस्ती आणि नवी तपासणी. तीन दिवसांचा बर्फ होता म्हणून हात लावला नाही. बुकिंग करताना ‘त्या फेरीला एव्हीआय आहे का’ एवढं विचारून घेतलं तर हा प्रसंग बऱ्याचदा टळतो.

बुधवारी सकाळी सहाच्या विमानात पेटी चढली. वैमानिकाला आधी लेखी सूचना जाते, तिला ‘नोटॉक’ म्हणतात. आमच्या पेटीतलं ३३७३ त्यावर येत नाही, पण बर्फ येतो : यूएन नंबर, नाव, वर्ग, कोणत्या कप्प्यात एकूण किती आणि कुठे उतरणार. बर्फाच्या हिशेबात ताशी २ टक्के उडतो असं धरण्याची पद्धत आहे, म्हणजे आमच्या १० किलोला तासाला २०० ग्रॅम. कप्प्यात हवा किती बदलते त्यावर त्या विमानाची मर्यादा ठरते. जमिनीवरच्या माणसांनाही आत ड्राय आइस आहे हे सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे, कारण उतरल्यावर दार उघडून सगळ्यात आधी वाकून आत शिरतो तो लोडर. दार उघडल्यावर थोडा वेळ हवा खेळू द्यायची आणि मग शिरायचं. पेटीवरचं वजनाचं लेबल त्याला लांबूनही दिसावं, म्हणून आम्ही ते दोन बाजूंना लावलं. नियम एकाच बाजूला मागतो.

दिल्लीत पेटी दुपारी दोनला प्रयोगशाळेच्या दारात पोहोचली. भरल्यापासून २८ तास. उघडल्यावर साडेसहा किलो बर्फ शिल्लक होता, लॉगरची रेघ सपाट होती आणि थर्माकोलची चौकट जागच्या जागी. त्यांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवली होती. ड्राय आइसमध्ये नळीचं झाकण किंचित आकसतं, वायू आत शिरतो आणि नमुन्याचा पीएच खाली येतो. म्हणून नळ्या लगेच वितळवू नयेत, आधी काही काळ उणे ८० मध्ये ठेवाव्यात म्हणजे तो वायू निघून जातो. उरलेला बर्फ सिंकमध्ये ओतायचा नाही, पाइप तडकतो. उघड्या, वाऱ्याच्या जागी सोडून द्यायचा.

रिकामी पेटी आम्ही परत मागवली होती. ती दिल्लीच्याच काउंटरवर एक दिवस अडकली. आत बर्फ नव्हता, नळ्या नव्हत्या, पण बाहेर वर्ग ९ आणि ३३७३ ची लेबलं तशीच होती. ती खरवडून काढल्यावर पेटी आली.